नाकाला पानसुपारी

भामाक्काच्या डाव्या डोळ्यातलं पाणी नव्या वाटेनं जाईना, कारण वाट काढताना नाकाला कुणी विचारलंच नव्हतं.

तसं डॉक्टर वैरागकरांनी ऑपरेशन चोख केलं होतं. डोळ्यातनं नाकात उतरणारी तिची जुनी वाट बुजली होती. त्यांनी हाडातनं नवी पाडली, परत मिटू नये म्हणून आत बारीक नळी ठेवली. पट्टी सुटली, तर पाणी आपलं पूर्वीसारखं गालावर.

भामाक्काला घोर लागला होता नातीच्या पाठवणीचा. प्रणोती सासरी निघताना तिला धड रडायचं होतं. पण बारा महिने गळणाऱ्या डोळ्यातल्या आसवांचं मोल ते काय? धाकटी जाऊ शेवंता साखरपुड्यातच म्हणाली होती, "अक्कांचं काय सांगता, त्या भजी खातानाही रडत्यात."

शेवटी डॉक्टरांनी पाण्यालाच विचारलं, "अडचण काय आहे?"

"वाट उत्तम आहे," पापणीच्या कडेवर थांबून पाणी म्हणालं. "पण दुसऱ्याच्या रानातनं पाट न्यायचा तर आधी पानसुपारी देतात. न विचारता आम्ही कुणाचा बांध ओलांडत नाही."

"बराबर हाय त्याचं," भामाक्का म्हणाली. "रीतच हाय ती."

डॉक्टरांनीही मान हलवली. "हाडाचा विचार केला, नळीचा केला. हे मात्र राहिलं खरं."

मग दवाखान्यातच बैठक बसली. नाकापुढं विडा धरला. नाकानं बरेच आढेवेढे घेतले. मग म्हणालं, "जाऊ दे पाणी. माझी तपकीर तेवढी बंद होता कामा नये."

"मग आमचं जमायचं नाही," पाणी म्हणालं. "त्या धुरळ्यात नवी वाटही बुजेल."

सगळी भामाक्काकडं बघायला लागली. तपकिरीची डबी तिच्या कमरेला नवऱ्याच्याही आधीपासनं होती. नवरा गेला, डबी राहिली. तिनं ती काढली, पदरानं पुसली आणि टेबलावर ठेवली.

"ए बाबा," ती नाकाला म्हणाली, "जन्मभर तुझे लाड केले. आता नातीसाठी एवढं सोस."

नाक दोनदा शिंकलं आणि कबूल झालं. पाणी त्याच दुपारी खाली उतरलं.

शेवंता मुद्दाम येऊन डोळा न्याहाळून गेली. "कोरडा ठणठणीत की! आता मी बोलू तरी कशावरनं?"

"दुसरा डोळा हाय न्हवं," भामाक्का म्हणाली. "त्यात काय सापडतंय का बघ."

लग्न लागलं. गाडीपाशी प्रणोती आजीच्या गळ्यात पडली, तेव्हा डाव्या डोळ्यातलं पाणी अदबीनं म्हणालं, "अक्का, आजच्या दिवस गालावरनं जाऊ का? नाकाला विचारून आलोय."

"जा की," भामाक्का म्हणाली.

ते सावकाश उतरलं. शेवंतानं आपला पदर पुढं केला. जेवणाची शेवटची पंगत उठायच्या आत पाणी आपल्या नव्या वाटेला लागलं होतं.