गेनबाचं क्रियापद

मुळशीकडच्या रिहे गावात गेनबाला कुणी 'राम राम' म्हटलं की तो ताठ उभा राहायचा, हात कपाळाला लावायचा आणि खणखणीत सांगायचा, "झिविम!"

मी तिथल्या शाळेवर नवा मास्तर. पहिल्या दिवशी मला ती शिवीच वाटली.

"शिवी न्हाई, मास्तर. सरबी भाषा हाय. झिविम म्हंजी मी जगतुया."

चौदा सालच्या मोठ्या लढाईत गेनबा पलटणीची खेचरं हाकायला गेला होता. सर्बियाच्या फौजेला डोंगरावर दाणागोटा पोचवायचा. इतरांनी येताना बिल्ले आणले, बूट आणले. गेनबानं एक क्रियापद आणलं, तेही पुरतं चालवून. झिविम, झिविश, झिवी, झिविमो, झिविते, झिवे. मी जगतो, तू जगतोस, पार 'ते जगतात'पर्यंत. खाचरात भात लावताना त्याची उजळणी चाले. बैल अडला तर आधी "झिविश का रं?" विचारी, मगच चाबूक उचली.

दुपारी तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसे. मी आत 'मी जातो, तू जातोस' घेतोय, बाहेरून ह्याचं झिविम, झिविश. पोरांना माझ्याआधी त्याचंच पाठ झालं.

एकदा डिपोटीसाहेब तपासणीला आले. म्हणाले, "कुठलंही क्रियापद चालवा."

अख्खा वर्ग एका सुरात सुटला, "झिविम, झिविश..."

मी खुणेनं पोरांना गप्प करू पाहिलं. साहेब मात्र खूश. "वा, संस्कृत! पण उच्चार भ्रष्ट. जीवामि, जीवसि, जीवति म्हणा."

ओट्यावरून गेनबा आत आला. सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, चुकताय तुमी. मला खुद्द सरबी मास्तरनं शिकवलंय."

माझी नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो. पण साहेबांनी वही काढली, गेनबाकडून सहाही रूपं उतरवून घेतली आणि शेऱ्यात लिहिलं, 'व्याकरण समाधानकारक.' साहेबापुढं गेनबाइतका ताठ मी जन्मात उभा राहिलेलो नाही.

साहेब गेल्यावर मी खुशीत विचारलं, "गेनबा, हा वर्तमानकाळ झाला. भूतकाळ कसा होतो?"

तो ओट्यावर टेकला. "त्यो शिकायचा ऱ्हायला. त्यो मास्तर त्यांच्या फौजेत शिपाई व्हता, पोटात गोळी लागलेली. खेचरावर बांधून बर्फातनं खाली आनत व्हतो. डोळं मिटाय लागला की मी हाक मारायचो. मग त्यो एकेक रूप सांगायचा, माज्याकडनं म्हनून घ्यायचा. सहावं झालं अन् दवाखान्याचा तंबू आला."

"मग?"

"मला खेचरं घिऊन परत वर धाडलं."

"जगला का तो?"

"ठावं न्हाई. कुनाला इचारलंच न्हाई."

"अरे, पण का?"

गेनबा ओट्यावरून उठला. मग हळूच म्हणाला, "इचारलं असतं, तर कुनीतरी सांगितलं असतं की, मास्तर."