यंत्रापुरती शुद्ध हवा

वीज केंद्राच्या धुरातून गंधकाचा वायू बाहेर पडतो आणि तो पडू नये असा नियम आहे. म्हणून चिमणीच्या अलीकडे एक मनोरा उभारला होता. धूर खालून वर जायचा, वरून चुनखडीचं पाणी फवारलं जायचं आणि गंधक चुन्यात अडकून त्याचं जिप्सम व्हायचं. मनोऱ्यात दोष एकच होता: तो चालवावा लागे.

चालवायला वीज लागते आणि वीज तर विकायची असते. तेव्हा व्यवस्थापकांनी नियम पुन्हा एकदा बारकाईनं वाचला. चिमणीवरच्या मापकयंत्रात गंधक दिसता कामा नये, एवढंच त्यात म्हटलं होतं. मनोरा बंद झाला. यंत्राकडे जाणाऱ्या बोटभर नळीला चुनखडीच्या पाण्याची एक बरणी जोडण्यात आली. बाकीचा धूर आपल्या वाटेनं गेला. तपासणी पथकानं यंत्र पाहिलं आणि केंद्राला स्वच्छतेची ढाल दिली.

प्रयोगशाळेतल्या रसायनज्ञ बाईंची सहा वर्षांची मुलगी चिमणीखालच्या वसाहतीत खोकून खोकून निळी पडत होती. बाईंनी अर्ज केला.

"खोकला कसला, बाई?" व्यवस्थापकांनी आकडे पुढे सरकवले. "हवेत गंधक शून्य."

"साहेब, ती बरणी मीच भरते हो रोज!"

"मग तुमच्या कामात काही कसूर आहे का?"

कसूर नव्हती. अर्जावर शेरा पडला: 'खोकला नोंदींशी विसंगत. सबब मुलीची फेरतपासणी व्हावी.'

बाईंच्या रागाचा पारा चढला. त्यांनी वसाहतीची सभा बोलावली. व्यवस्थापक स्वतः आले, हात जोडून.

"मनोरा उद्याच सुरू करतो. फक्त तो तुमच्या वाट्याची वीज खाईल. दुपारी दोन तास पंखे बंद."

सभागृहात चुळबुळ झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरं खोकतातच गं. मोठी झाली की थांबतं आपोआप."

मनोरा बंदच ठेवावा, यासाठी हात वर झाले. त्यात एक हात मुलीच्या बापाचा होता.

"अगं, असं काय बघतेस?" तो बायकोला म्हणाला. "उकाडा तिलाच सोसत नाही."

या मंडळींना तुम्ही खुशाल नावं ठेवा. फक्त आधी उठून तुमच्या डोक्यावरचा पंखा बंद करा. दोन तास आम्ही थांबतो.