लाल टॅगवाले मेश्राम

मेश्रामांनी माझा स्वेटर परत आणून दिला तेव्हा त्याच्या गळ्याला लाल टॅग बांधलेला होता. टॅगवर सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'वस्तू : स्वेटर, पुरुषांचा, तपकिरी. दोष : डावं कोपर विरलेलं, दुसरं बटण नाही, आणि मुळात स्वेटर. उपाय : देणाऱ्याने स्वतः घालावा, मे महिन्यात.' खाली सही आणि तारीख. मी दार आपटलं आणि टॅग टराटरा फाडला. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचला, कारण बायकोला दाखवायचा होता. ती हसली. म्हणजे घरातही आपलं कोणी नाही.

हे मेश्राम मस्कतला, अझैब्यात, आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर माझ्या डोक्यावर राहतात. मूळचे गोंदियाकडचे. एका फॅब्रिकेशन यार्डात क्यूसी इन्स्पेक्टर आहेत, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या वेल्डिंगमध्ये खोट काढायची आणि त्यावर लाल टॅग लावायचा हे त्यांचं काम. नोकरीत करतात ते ठीक. पण हा गृहस्थ टॅगचं पुडकं शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतो. आमच्या लिफ्टला टॅग. जिन्याच्या कठड्याला टॅग. इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत बटाटेवड्यांचा डबा उघडला की आधी एक वडा फोडून आत बघणार आणि 'सॅम्पल' म्हणून तोंडात टाकणार. आमचा ओमानी घरमालक तर त्यांना लांबून पाहिलं की 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' म्हणत मागच्या दाराने सटकतो.

आता स्वेटरचं सांगतो, कारण त्यात माझी भर सभेत अब्रू गेली.

मेश्रामांच्या गावाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिकडच्या रानात जागा मिळाली, तिथे त्यांनी भातशेती केली, आणि आता त्यातली म्हातारी झालेली, मागे कोणी नसलेली माणसं तिथल्याच वृद्धाश्रमात असतात. मंडळाने यंदा त्यांना मदत पाठवायची ठरवली. कल्पना मेश्रामांची, सेक्रेटरी मी. मेश्रामांनी यादीही दिली होती : काठीला लावायची रबरी टोपणं, मोठ्यांचे डायपर, धुता येतील अशा चादरी, न घसरणाऱ्या चपला, दोन कूलर. ती यादी मी ग्रुपवर टाकली. बत्तीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि एकानेही ती वाचली नाही. मीही नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शुक्रवारी सकाळी माझ्या हॉलमध्ये एकोणीस खोकी जमली. एकोणीसच्या एकोणीस खोक्यांत लोकरीचे कपडे. तिबेटी म्हटलं की आपल्या माणसाला दुसरं सुचतच नाही. लहानपणी दर हिवाळ्यात बसस्टँडसमोर त्यांच्या गाड्यांवर घासाघीस केलेली असते ना, तेच डोक्यात. शिवाय मस्कतमध्ये स्वेटर लागतो कोणाला? प्रत्येकाच्या कपाटात दोन-चार पडलेले. एकोणीस घरांची कपाटं त्या दिवशी रिकामी झाली आणि वर पुण्यही पदरात पडलं.

मेश्रामांनी तीन खोकी उघडली. चौथं उघडलं नाही.

"यादी वाचली काय कोणी?"

पाटणकरवहिनी म्हणाल्या, "अहो, आम्ही प्रेमाने दिलंय."

"प्रेमाला कोपरावर भोक हाय वहिनी," मेश्राम म्हणाले. चिडले की त्यांची भाषा थेट गोंदियाला पोचते. "उन्हाळ्यात आमच्याकडे काय तापते माहीत हाय? इथल्यासारखं तापते, पण एसी नाही. त्या बायांनी सारी जिंदगी थंडीत उभं राहून तुम्हाले स्वेटर विकले. आता म्हातारपणी तुम्ही तेच वापरून, विरवून त्यांनाच परत देऊन राहिले. लाज नाही वाटत?"

कुलकर्णी हळूच म्हणाला, "पण डायपरबरोबर ग्रुप फोटो कसा काढायचा?"

हे वाक्य त्याने थट्टेत म्हटलं असतं तर निभावलं असतं. तो खरंच विचारत होता. मेश्रामांनी खिशातून टॅगचं पुडकं काढलं आणि एकेका खोक्याला टॅग लावत सुटले. "रिजेक्ट. रिजेक्ट. खलास, रिजेक्ट." माझा तपकिरी स्वेटर वरच होता. तो उचलून सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, स्पेसिफिकेशन वाचलं काय?" माझ्याच हॉलमध्ये, माझाच चहा पिऊन. संध्याकाळी तोच स्वेटर टॅगसकट दारात आणून दिला.

आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. मनात मात्र अखंड भांडत होतो. काय समजतो स्वतःला? एवढा पुळका आहे तर जाऊन राहा ना तिकडे. खोकी तशीच हॉलमध्ये होती आणि मला येता-जाता ठेचा लागत होत्या. नवव्या दिवशी राहवेना. ऑफिसातून आलो तो तडक वर गेलो. पाच वाजले होते. आज त्या माणसाला चांगलं सुनावायचंच, वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत मेश्राम टेबलाशी बसले होते, गळ्याला टॉवेल बांधून. समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केलेला. हातात वाटी, वाटीत सातूच्या पिठाची पेज. तो दांडगा, मिशाळ माणूस फोनसमोर तोंड उघडून म्हणत होता, "आ... आऽऽ कर ना मोला. हे पहा, मी खाल्ला. आता तुझा."

फोनमध्ये एक म्हातारी होती. सुरकुत्यांत डोळे पार हरवलेले. तिने तोंड उघडलं, बाजूने कोणाचा तरी हात आला आणि चमचा आत गेला. मेश्रामांनी कागदावर रेघ मारली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि चपला न काढता तसाच उभा राहिलो.

सात रेघा झाल्यावर फोन बंद झाला. "मोला म्हणजे तिबेटीत आजी," मेश्राम माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझी आई हिच्याच धानाच्या बांधीत रोवणीला जायची. मी लहान, बांधावर बसून राहायचो. दोघी एका डब्यात जेवायच्या आणि मला भरवायच्या. आता हिला विसर पडते. एकटी असली की तोंडच उघडत नाही. समोर कोणी जेवलं तर जेवते. आश्रमात एका आयाकडे चौदा म्हातारे, ती कोणाकोणासोबत जेवणार? म्हणून मी जेवतो, रोज."

मग गळ्याचा टॉवेल सोडत म्हणाले, "उद्यापासून दहा दिवस सोहारला शटडाउन आहे, प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही. पाच वाजता तुम्ही बसाल काय?"

"मी? मला तर तुम्ही रिजेक्ट केलंय."

"स्वेटर रिजेक्ट केला," ते तितकेच चिडून म्हणाले. "तुम्हाला कोण टॅग लावून राहिलं?"

मग मला कसं बसायचं ते शिकवलं. खुर्ची इथे, उजेड तोंडावर, घास दाखवून खायचा, घाई नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली तेव्हाही ते असेच शटडाउनमध्ये होते. ती शेवटचे तीन दिवस जेवली नव्हती, आणि मुलगा कामात आहे म्हणून कोणी कळवलं नव्हतं. एवढं ते वाटी धुता धुता सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी आमच्या घरी टेबलाशी टॉवेल बांधून बसलो. फोनमध्ये आधी आया दिसली, सुमनबाई, तिथल्याच गावातली, पन्नाशीची. मग मोला. तिने मला नीट पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मी एक चमचा खाल्ला. दोन खाल्ले. पाच खाल्ले. ती पेज काय अळणी असते म्हणून सांगू. मोला ढिम्म. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो आजी, मी काय इथे तमाशा करायला बसलोय? उपाशी राहायचंय का तुम्हाला?" माझा आवाज थेट मेश्रामांसारखा निघाला.

तशी ती बोलली. मराठीच, पण संथ.

"तुझी माय जेवली काय?"

माझी आई देवरुखला एकटी असते. कामाला बाई आहे, सगळं आहे. जेवली का ते मला ठाऊक नव्हतं.

सुमनबाई म्हणाली, "तिचं रोजचंच हाय जी ते. उत्तर भेटलं का तोंड उघडते. मेश्रामसाहेबाले बी रोज इचारते, तुझी माय जेवली काय? ते रोज सांगतेत, हो मोला, पोटभर जेवली, तुझी आठवण काढत होती."

मी चमचा खाली ठेवला.

मोला वाट बघत होती. मला काही तसं सांगता येईना. बायकोचा फोन घेतला आणि देवरुखला लावला.

"आई, जेवलीस का?"

"आता? साडेसहाला?" आई घाबरलीच; तिकडचं घड्याळ आमच्या दीड तास पुढे. "काय झालं रे? बरा आहेस ना तू?"

"बरा आहे. असंच विचारलं."

"असंच?" आईने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "आठला जेवते मी. बाई पोळ्या करून जाते, भात लावते मी एकटीपुरता."

मी मोलाला सांगितलं, "आठला जेवणार आहे." तिने मान हलवली आणि तोंड उघडलं. मीही उघडलं.