सोनकांबळे मामांचा पुकारा

आमच्या शेजारच्या सोनकांबळे मामांना सकाळी चहा हवा असला की ते ओट्यावर बसून पुकारा करायचे, "हिराबाई धोंडिबा सोनकांबळे, हाजिर हाय का?" मामी उत्तर द्यायच्या नाहीत. आतून नुसता कप आपटल्याचा आवाज यायचा. तेवढ्यावर मामा समाधानानं "हाजिर हाय" म्हणायचे आणि मांडी ठोकून बसायचे. घर दोन खोल्यांचं, चूल ओट्यापासून हाताच्या अंतरावर, पण आवाज मात्र थेट चौकात. धर्माबादहून बदली होऊन मी लातूरला आलो, तेव्हा नव्या खोलीतल्या पहिल्याच सकाळी या पुकाऱ्यानं मी अंथरुणात ताडकन उठून बसलो होतो.

मामा कोर्टात शिपाई आणि मी तिथलाच कारकून. खटला निघाला की दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे मामांचं काम. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. जिकडे तिकडे नव्या कचेऱ्या, नवे साहेब, आणि पाट्या रंगवणाऱ्यांना दम खायला फुरसत नव्हती. मामांच्या मते हा जिल्हा मुख्यतः त्यांच्या आवाजासाठी झाला होता. "तालुक्याच्या मानानं माझा आवाज लई जास्त होऊन राहिला होता," ते गंभीरपणे सांगायचे. "सरकारला उशिरा कळलं, पण कळलं."

आवाज होताच तसा. समोरच्या टपरीवर चहा पिणारा आरोपी कप अर्धा टाकून पळत यायचा. एकदा तर शेजारच्या कचेरीत रेशनकार्डासाठी रांगेत उभा असलेला, त्याच नावाचा भलताच माणूस घाबरून आत आला आणि हात जोडून पिंजऱ्यात उभा राहिला. वकिलांनी त्याची अर्धी उलटतपासणी घेतल्यावर तो रडवेला होऊन म्हणाला की मला फक्त साखर पाहिजे.

मामांचं सगळं बोलणंच कोर्टाचं झालं होतं. मामींशी भांडण विकोपाला जायला लागलं की ते "आता पुढली तारीख" म्हणून चप्पल घालायचे आणि बाहेर पडायचे. मामी मागून सांगायच्या की निकाल लागलेलाच हाय, येताना कोथिंबीर आणा.

असा हा माणूस रिटायरमेंटला मात्र जाम घाबरायचा. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते आणि तो उन्हाळा जवळ येऊ लागला तसं त्यांचं जेवण कमी झालं. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. "बाबू, रिटायर झालेला माणूस म्हंजी निकाल लागलेली केस. फायलीला दोरी बांधायची आन् रेकार्ड रूममधी टाकायची. मंग उंदरं हायेत अन् ती फायल हाय." मी काहीबाही समजूत घालायचो. नातवंडांचं नाव काढलं तर म्हणायचे, नातवंडं पुण्याला हायेत. बागेचं काढलं तर म्हणायचे, प्यायला पाणी न्हाई, बाग कशाची करता.

शेवटी त्यांनी सराव करून बघायचं ठरवलं. आठवडाभराची रजा टाकली. पहिल्या दिवशी ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मामींच्या डब्यांची जागा बदलली आणि त्यावरून घरात मोठी पेशी झाली, सुनावणी दुपारपर्यंत चालली. तिसऱ्या दिवशी धुतलेले कपडे घालून कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली येऊन बसले. बदली शिपाई दारातून नावं पुकारत होता, आणि त्यानं एक नाव गिळलं की मामा लिंबाखालून तेच नाव पूर्ण करून सांगत होते. दुपारी साहेबांनी त्यांना आत बोलावून सांगितलं की सोनकांबळे, एक तर रजेवर जा, नाही तर कामावर या. ते कामावर आले.

तरी तो दिवस यायचा तो आलाच. हार झाला, नारळ झाला, साहेबांचं भाषण झालं. मामा ते सगळं दुसऱ्या कुणाचं चाललंय अशा चेहऱ्यानं बघत होते. त्यांना घरापर्यंत सोडायला मी गेलो, तर वाटेतच त्यांनी हार काढून पिशवीत कोंबला. त्यानंतरचे काही दिवस ओट्यावरून पुकारा ऐकू आला नाही. मामी चहा हातात आणून द्यायच्या, तो निवून जायचा. एका सकाळी कुंपणाशी येऊन त्या मला हळूच म्हणाल्या, "बाबू, आवाज बंद झालाय हो यांचा. मला कपसुदीक आपटू वाटंना."

त्या वर्षी दुष्काळ कडक होता. बोअर आटले, नळ कोरडे पडले आणि आमच्या गल्लीत नगरपालिकेचा टँकर यायला लागला. टँकर आला की रांग मोडायची. घागरी आपटायच्या, बाया एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या, अर्धं पाणी रस्त्यावर जायचं. असंच एकदा रेटारेटीत मामी पडल्या. कोपर फुटलं. मामा ओट्यावरून उठले, मामींना उठवून बसवलं, टँकरच्या पायरीवर चढले आणि गल्ली हादरेल असं म्हणाले, "कामकाज सुरू झालंय. गडबड बंद."

खरंच बंद झाली. मग मामांनी एकेका बाईला नाव विचारायला सुरुवात केली. बाया लाजायला लागल्या. कुणी गणेशची आई म्हणून सांगे, कुणी पाटलाच्या घरची. मामा ऐकेनात. "गणेश पाणी भरायला आलाय का? न्हाई ना? मंग तुमचं नाव सांगा." हळूहळू नावं निघाली. दुसऱ्या दिवसापासून मामा पायरीवर उभं राहून पूर्ण नावानं पुकारा करू लागले. जिचं नाव निघेल तिनं घागर घेऊन पुढं यायचं. वेळेत न येणारी गैरहाजिर, तिला शेवटी तारीख. पाण्याचा थेंब सांडेनासा झाला. आणि मी बघत होतो, आपलं नाव निघालं की बाया पदर सारखा करून पुढं यायच्या.

रांगेच्या अगदी शेवटी एक म्हातारी असायची. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची. मुलगा हैदराबादला गेलेला, त्याचा पत्ता नाही. सगळे तिला नुसतं म्हातारी म्हणत. मामांनी नाव विचारलं तेव्हा ती गप्पच राहिली. मामा थांबले. बाया कुरकुरायला लागल्या, तरी थांबले. खूप वेळानं ती म्हणाली, "लसमा." आणि पुन्हा, जरा खात्री करून घेतल्यासारखं, "लसमाच. इस्लापूरची."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. नळाला पाणी आलं, टँकर बंद झाला. मला पुन्हा मामांची काळजी वाटायला लागली. आता हे कशावर दिवस काढणार, म्हणून मी एका रविवारी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो, तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं की दोघं नवरा-बायको लसमाबाईंना घेऊन एसटीनं आंध्राच्या सीमेजवळ इस्लापूरला गेलेत.

परत आल्यावर मामांनी सगळं सांगितलं. म्हातारीनं एकदा बोलता बोलता माहेराचं नाव काढलं होतं. तिकडं कुणी असंल का, हे तिलाच ठाऊक नव्हतं. हे तिघं तिथं जाऊन पोचले. भाऊ केव्हाच वारला होता, पण भावजय होती. तिनं दार उघडलं, जरा वेळ बघत राहिली आणि मग तेलुगूत काहीतरी म्हणाली. मामांना अक्षर कळलं नाही, पण दोघी म्हाताऱ्या उंबऱ्यावरच बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. लसमाबाई तिथंच राहिल्या. येताना भावजयीनं यांना शेंगा बांधून दिल्या होत्या. त्यातल्याच आम्ही खात होतो.

मी म्हटलं, मामा, आता रिटायरमेंटची भीती गेली म्हणायची.

"भ्याव?" ते म्हणाले. "कामात ध्यानातच न्हाई राहिलं."

मग शेंग फोडता फोडता थांबले. "बाबू, मी लहान असताना माय गेली. समदे तिला धोंड्याची माय म्हणायचे. बाप बी तसंच म्हणायचा. मला तिचं नाव ठाऊक न्हाई. विचारायचं ध्यानात आलं तवा सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एवढी जिंदगी लोकांची नावं पुकारली, पर ते एक नाव कंदी पुकाऱ्याला आलं न्हाई."

आतून मामींचा भांड्यांचा आवाज थांबला.

मामांनी विचारलं, "तुमच्या मायचं नाव काय हो?"

मी सांगितलं. आई तिकडे धर्माबादला होती. तिला नावानं हाक मारणारं आता तिथंही कुणी उरलं नव्हतं. मामांनी हातातली शेंग खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "अनसूयाबाई."

नंतर त्यांनी माझ्यापुढं शेंगा सरकवल्या, आणि पुढच्या शनिवारी मी धर्माबादची गाडी पकडली.