आमच्या बाजूनं लाइन स्वच्छ आहे

कुटुंबसंस्था टिकते ती कोण कुणाला काय करू देत नाही, यावर. पूर्वी हे काम वडीलधाऱ्यांना डोळे वटारून, म्हणजे जातीने हजर राहून करावं लागे. त्यात वेळ जायचा आणि रक्तदाब वाढायचा. आता तेच काम भिंतीवरची एक काळी पेटी हिरवे दिवे लावून बिनपगारी करते. तिला राउटर म्हणतात. माझ्या शेजारच्या घरात हे तंत्र ज्या उंचीला पोचलं, त्याचं कौतुक कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. मी रिकामाच असतो.

शेजारी माणसं पाच. गृहस्वामी (एका मोठ्या कचेरीत अधिकारी, मध्यंतरी काही दिवस घरून अधिकारी), त्यांची पत्नी, त्यांचे वडील, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. राउटरचा पासवर्ड एकट्या गृहस्वामींकडे असावा, असं एकमताने ठरलं होतं. त्यांनी तो आपल्या पहिल्या स्कूटरचा नंबर ठेवला. त्या स्कूटरची हकीकत नंबरासकट घरातल्या प्रत्येकाला जेवताना ऐकावी लागत असल्यामुळे पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक होता. मात्र तो आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला सुचला नसणार, याबद्दल प्रत्येकाची खात्री होती. (अशी खात्री असल्याशिवाय घरात शांतता नांदत नाही.)

सुरुवात गृहस्वामींनी केली. माहितीची ये-जा व्हावी म्हणून राउटरला नंबर घातलेले पासष्ट हजारांवर दरवाजे असतात. धाकटा ज्या दरवाजांतून गेम खेळायचा, ते बंद करावेत असं त्यांनी ठरवलं. नेमके कोणते, हे शोधायला सवड नव्हती, म्हणून आजूबाजूचे काही हजारही ओढून घेतले. धाकट्याने उलट वडिलांच्या लॅपटॉपचा वेग इतका उतरवला, की ते कंटाळून पुन्हा रोज कचेरीत जाऊ लागले आणि घर मोकळं झालं. गृहस्वामिनींनी सासऱ्यांचे आरोग्यविषयक व्हिडिओ बंद केले, कारण त्यातले उपाय ते स्वतःवर न करता सुनेवर करून बघत. आजोबांनी सुनेच्या मालिका अडवल्या, कारण व्हिडिओ गेल्यावर त्यांना दुपारी झोपण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं, आणि पलीकडच्या खोलीत कुणी ना कुणी सतत रडत असे.

माझ्या अंदाजाप्रमाणे यातले साठ टक्के नियम दुसऱ्याच्या भल्यासाठी होते आणि उरलेले चाळीस टक्के त्या भल्याचा वचपा. थोरलीने मात्र एकही नियम केला नव्हता. (ती पहिल्यापासूनच जरा बेफिकीर.)

या थोरलीची एका गुरुवारी अकरा वाजता नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवर, समोरासमोर बोलायची. कॉलेज संपल्यापासून ती घरात बसून होती आणि "आता पुढे काय?" हा प्रश्न चौघांनी आळीपाळीने विचारून ताजा ठेवला होता. कितीतरी अर्जांनंतर आलेलं हे पहिलंच बोलावणं. ही मुलाखत हातची गेली असती तर पुढची कधी, हे देवालाच ठाऊक. सकाळी तिने सगळं तपासून पाहिलं. पान उघडलं, पण कॉल काही लागेना. मधलं चक्र नुसतं फिरत राहिलं. मोबाइलला तर त्या घरात खिडकीबाहेर हात काढल्याखेरीज रेंज येत नाही.

जाणकार म्हणून मला पाचारण करण्यात आलं. (मी एकदा त्यांच्या प्रिंटरमध्ये कागद सरळ घातला होता.) तपास शास्त्रशुद्ध पद्धतीने झाला. राउटर बंद करून चालू केला. मग जास्त वेळ बंद ठेवून चालू केला. आजोबांच्या सूचनेवरून त्यावरची धूळ पुसली. धाकट्याने एक वायर काढून तीच वायर परत लावली आणि "बघ आता" म्हणाला. त्या दिवशी मुद्दाम रजा घेतलेल्या गृहस्वामींनी लॅपटॉपच भिकार असल्याचं जाहीर केलं. शेवटी त्यांनीच खिडकीबाहेर हात काढून कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, आमच्या बाजूनं लाइन स्वच्छ आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "अडथळा घरातलाच दिसतोय. राउटरवर कुणी काही ब्लॉक केलंय का?"

"छे!" गृहस्वामी म्हणाले.

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय?" गृहस्वामिनी म्हणाल्या.

धाकट्याला एकाएकी तहान लागली. आजोबांना एरवी कमी ऐकू येतं. त्या क्षणी अजिबातच येईनासं झालं.

"मग सोपं आहे. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबून धरा. सगळे नियम पुसले जातील. पाच-दहा मिनिटांत पुन्हा चालू होईल."

सगळे नियम पुसले जातील, हे ऐकताच घरात चैतन्य पसरलं. "ऐन वेळी असले प्रयोग नकोत," गृहस्वामी म्हणाले. "शॉक बसला म्हणजे?" गृहस्वामिनी म्हणाल्या. धाकटा पाणी अर्धवट टाकून आला आणि त्याने वॉरंटी जाते असं सांगितलं. आजोबांचे कान उघडले. "चाललंय ते ठीक चाललंय की," ते म्हणाले. त्या घरात एवढं एकमत मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

थोरली टाचणी घेऊन उभी होती.

"बाबा, आता वेळ नाहीये. कुणी काही बंद केलं असेल तर नुसतं सांगा. मी कुणावर चिडणार नाही."

चौघेही राउटरच्या हिरव्या दिव्यांकडे बघू लागले. सांगायला हवं की ही माणसं वाईट नाहीत. तिच्यावर चौघेही जीव टाकतात. जीव मागितला असता तर कदाचित दिलाही असता, तिने कबुली मागितली. वडिलांनी पुढे होऊन तिच्या हातातली टाचणी हलकेच काढून घेतली. "लागेल हाताला," ते म्हणाले.

तिने लॅपटॉप काखेत मारला आणि ती माझ्या घरी आली. माझ्या ओट्यावर कुकर बाजूला सारून तिने उभ्या उभ्या मुलाखत दिली. माझ्या राउटरवर एकही नियम नाही. (मी एकटा राहतो. अडवायचं कुणाला?) नोकरी मिळाली, दूरच्या शहरात, आणि ती बॅग भरून गेलीसुद्धा. ऐन परीक्षेच्या वेळी अख्खं घर पोरीच्या पाठीशी उभं राहिलं, असं शेजारी अजूनही सांगतात. त्यात खोटं काही नाही. उभे तर सगळेच होते.

आता रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. चौघे सोफ्यावर दाटीवाटीने बसतात. सुरुवात बरी होते. मग कुणीतरी "परत कधी येणार?" असं विचारतं आणि तिकडचं चित्र थिजतं: तोंड अर्धवट उघडं, नजर एका जागी. "अडकलं वाटतं," म्हणत आजोबा फोन हलवून बघतात. गृहस्वामींनी पुन्हा पुन्हा तक्रार केली. कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासून गेला. दोष सापडला नाही. मध्यंतरी प्रत्येकाने कुणाला न सांगता आपापला नियम काढूनही टाकला. (हे मला चौघांनी वेगवेगळं, शपथ घालून सांगितलं.) चित्र थिजायचं काही थांबलं नाही.

न राहवून मी एकदा तिला फोन केला. तिकडचं नेट फार खराब आहे का गं, म्हणून विचारलं.

"नेट मस्त आहे, काका," ती म्हणाली. "मी फक्त हलत नाही."

मुलगी कृतघ्न आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटायलाच हवं, तुम्ही संस्कारी वाचक आहात. फक्त परवा आईचा फोन आला तेव्हा तुम्ही "हॅलो, आवाज तुटतोय गं, नंतर बोलू," म्हणालात ना, तेव्हा तिला तुमचा आवाज अगदी नीट येत होता.