अठ्ठावीस दिवसांचा मामा

माझा भिकूमामा कुठल्याही गोष्टीशी अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त बांधून घेत नाही. टूथपेस्टची सगळ्यात लहान ट्यूब घेतो. शाम्पूच्या पुड्या घेतो. पंखेवाल्याने दोन वर्षांची गॅरंटी देतो म्हटल्यावर त्याने विचारलं, "आणि माझी?" मोबाइलचं तर बोलूच नका. वर्षभराच्या प्लॅनचं नाव काढलं की मामा हात जोडतो. जन्म लालबागमध्ये गेला तरी त्याच्या तोंडची मालवणी सुटलेली नाही.

"लांबचो करार नको रे बाबा. एकदा केल्लो, तो पुरो झालो."

तो एकदा केलेला करार बिल्डरचा. चाळ पाडून टॉवर बांधायचा आणि तीन वर्षांत जागा द्यायची, या कागदावर मामाने सही केली. टॉवर उभा राहायला प्रत्यक्षात किती वर्षं लागली हे चाळीतला कुणीही शिवी दिल्याशिवाय सांगत नाही. तोवर मामा-मामी चिंचपोकळीत भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. तिथले करार अकरा महिन्यांचे. एक संपला की देव, ट्रंक आणि पाटा-वरवंटा उचलून पुढच्या खोलीत. त्यातल्याच एका खोलीत मामी गेली. नव्या जागेची चावी घ्यायला मामा एकटा गेला. आता तो सतराव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून सगळं लालबाग दिसतं, पण समोरच्या बिऱ्हाडाचं दार कधी उघडं दिसत नाही.

त्याला मूलबाळ नाही. मी एकटा भाचा. माझे वडील गेल्यावर माझी शाळा मामाच्याच खोलीत पार पडली. मी दादरला राहतो. मध्ये फक्त परळ आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण लांब पडतं असं मला कधी म्हणता आलं नाही. मी काम आहे म्हणतो.

रिचार्ज संपत आला की मामाला कंपनीचा मेसेज जातो आणि पाठोपाठ मला मामाचा फोन येतो.

"संपता हा रे. ये."

"मामा, मी इथूनच टाकतो. मिनिटाचं काम."

"तसा नको. पैशाचो मामलो. समोर बसून करूया. आणि आधी बघूया तरी, काय काय देतत ता."

मग मी शनिवारी जातो. खालचा वॉचमन इंटरकॉमवर सांगतो, "रिचार्जवाले साहब आये हैं." मी एका कंपनीत लेखा विभागाचा प्रमुख आहे, त्यामुळे पहिल्यांदा मला राग आला. मामाकडे तक्रार केली तर म्हणाला, "नाव सांगितला तर तो इसारतलो. ह्या त्याच्या लक्षात रवता."

आधी तळलेला बांगडा आणि सोलकढी. मग मामा चष्मा पुसून समोर बसतो. "हां, वाच."

"रोजचा दीड जीबी, अनलिमिटेड कॉल, अठ्ठावीस दिवस."

"अनलिमिटेड म्हणजे किती बोलूचा?"

"हवं तेवढं."

"कोणाशी?"

मी घाईने पुढचा प्लॅन वाचतो. "हा चौऱ्याऐंशी दिवसांचा. सिनेमे फुकट."

"सिनेमे नको. पुढचो."

मुलगी बघायला गेल्यासारखा कार्यक्रम चालतो. याचा डेटा फार, त्याची मुदत लांब, हा दिसायला बरा पण महाग. मध्येच कर्ज देणाऱ्या कुठल्याशा मुलीचा फोन आला तर मामा तिलाही वेळ देतो. "कितक्या वर्षांचा गो? पाच? मगे नको. जेवलंस काय?" ती फोन ठेवते. आम्ही पुन्हा यादीकडे वळतो आणि शेवटी पसंत पडते ती पहिलीच.

"महिना म्हणून अठ्ठावीस दिवस विकतात," मी दर वेळी चिडतो. "वर्षाला बाराच्या जागी तेरा रिचार्ज. सरळ लूट आहे, मामा."

यावर सगळा देश चिडतो. मामा चिडत नाही. "असांदे रे. फेब्रुवारीक कोण बोलता काय?"

मला वाटायचं, बिल्डरने पोळल्यामुळे माणूस ताक फुंकून पितो आहे. हे कारण मला सोयीचं होतं. त्यात माझा काही संबंध येत नव्हता.

गेल्या मार्चअखेरीला ऑफिसात ऑडिटर ठाण मांडून बसले होते आणि फोन आला, "संपता हा रे." मी खुर्चीवरून न उठता मामाच्या नंबरवर वर्षभराचा प्लॅन टाकला आणि त्याला कळवलं.

"मामा, वर्षाची काळजी मिटली."

"वर्षाचो टाकलंस?"

"हो. आता पुढच्या मार्चपर्यंत काहीच करायचं नाही."

"बरा केलंस," मामा म्हणाला. "तुझो त्रास वाचलो."

मी खरंच खूश झालो. घरी बायकोलाही सांगितलं.

मेमध्ये जायचं राहिलं. गणपतीत लालबागला पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून गर्दी ओसरल्यावर जाऊ म्हटलं. दिवाळीत सासरची माणसं आली. फोन अधूनमधून करत होतो. पण "बरा आसंय" आणि "तू बरो मा?" एवढं झालं की पुढे बोलायला काही नसायचं, कारण आता काहीच संपत नव्हतं.

डिसेंबरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी बोलतंय, भिकूमामा. नंबर बदललंय."

"बदललास? त्या नंबरवर वर्षाचा प्लॅन आहे ना."

"रेंज नाय रे सतराव्या मजल्यार. खाली रस्त्यार छत्री लावून सिम विकतत ना, त्यांच्याकडसून नवा घेतलंय. अठ्ठावीस दिवसांचा. शनिवारी संपता हा. ये."

मी त्याला नाही नाही ते बोललो. पैसे पाण्यात घातलेस, म्हटलं. तुला एक गोष्ट सरळ करता येत नाही, असंही म्हटलं. ज्याने मला पाढे शिकवले त्याला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी किती वाजता येतलंस?"

वॉचमनने मला ओळखलं. "अरे, रिचार्जवाले साहब. आपने तो धंदा ही बंद कर दिया था."

मामा बारीक झाला होता. बांगडे तळून तयार होते. मी रिचार्जसाठी त्याचा फोन हातात घेतला. दोन सिमांचा फोन होता, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात रेंजच्या दोन शिड्या दिसत होत्या. एक नव्या सिमची, एक जुन्याची. दोन्ही पूर्ण भरलेल्या.

मी वर बघितलं. मामा बांगड्याचा काटा काढण्यात गुंतला होता. "ताजे आसत," तो म्हणाला. "भायखळ्यासून आणलंय."

मी प्लॅनची यादी उघडली.

"हां, वाच."

मी वाचलं. "रोजचा दीड जीबी, अनलिमिटेड कॉल, अठ्ठावीस दिवस."

"ह्यो वर्षाक तेरा वेळा येता, नाय?"

"हो." लूट हा शब्द मी या वेळी गिळला.

मामाने चष्मा वर सरकवला. "ह्याच्यापेक्षा कमी दिवसांचो नाय काय रे?"

मी यादी खाली सरकवली. बावीस दिवसांचा एक होता. ठळक अक्षरांत होता. माझ्या डोळ्यांसमोर पुढचे शनिवार आले, मुलीचे क्लास, सोसायटीच्या मीटिंगा, आठवड्यातून एकदाच मिळणारी दुपारची झोप.

"नाही," मी म्हणालो. "अठ्ठावीसच सगळ्यात लहान."

"मगे तोच टाक," मामा म्हणाला, आणि त्याने मोठा बांगडा माझ्या ताटात वाढला.