जहाल, मवाळ आणि तात्या टिपणीस

तात्या टिपणीसांपुढे कुणी पाण्याची बाटली ठेवली, की ते घड्याळ बघत आणि पाणी सरळ मोरीत ओतून देत. आणणारा बिचारा चार कोस तंगडतोड करून आलेला असे. वर तात्या त्यालाच झापत, "शिळं पाणी खोटं बोलतं, समजलं?"

ही पन्नास-बावन्न सालची गोष्ट. ठाण्याच्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत तात्या पाण्यातला सोमल मोजत. सोमल म्हणजे जालीम विष; पण तेवढ्यावर त्यांचं समाधान नसे. "सोमल आहे हे कुणीही सांगेल हो. कुठला, ते बोला!" पाण्यात त्याची दोन रूपं, एक जहाल आणि एक मवाळ. "आणि हवा लागली की जहालाचा मवाळ होतो. राजकारणातही पाहिलंय आम्ही!" असं म्हणून आधी तेच हसत. म्हणून मोजमाप विहिरीच्या काठावरच व्हायचं. काचसामानाची पेटी मांडीवर घेऊन तात्या एस.टी.त बसत. कंडक्टर "काका, जरा सरका" म्हणाला, की सांगत, "आत ॲसिड आहे." अख्खं बाकडं मोकळं!

शीळफाट्याकडच्या एका गावात कातडी कमावत, कातड्यावरचे केस काढायला सोमल वापरत, म्हणून तिथली विहीर दर महिन्याला तपासायची असे. बाकीच्या विहिरी तात्या आमच्यावर ढकलत. ही कधीच नाही.

मी तेव्हा नवा, उत्साही. बाटलीत आधीच थोडं ॲसिड घालून ती अंधारात ठेवली, तर सोमलाचं रूप दिवसभर बदलत नाही, हे मी पंधरा दिवस खपून शोधून काढलं. "तात्या, तुमची वणवण संपली! आता शिपाई बाटली आणेल."

मला वाटलं, पाठ थोपटतील. ते नुसतेच चष्मा पुसत राहिले. "साहेबांना सांगितलंस?"

"उद्या सांगणार."

"उद्या माझ्याबरोबर चल. मग सांग."

विहीर एका घराच्या परसात होती. पदराला हात पुसत एक बाई धावतच बाहेर आली. "बाबा!" ही तात्यांची एकुलती एक लेक, सुमन. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नाही. आणि मूल होईपर्यंत बापाने लेकीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत. असा बाप पाहुणा म्हणून येणार तरी किती वेळा? सरकारी कामाला मात्र कुणी हरकत घेत नाही.

सुमनने पाणी शेंदलं. तात्यांनी आधी जहाल मोजला. मग दोन्ही रूपं मिळून एकूण सोमल मोजायला घेतला. त्याला तासभर लागतो. तो तासभर दोघं कट्ट्यावर बसून बोलत होती, आईच्या गुडघ्यांबद्दल, परसातल्या पेरूबद्दल. तहान लागली तेव्हा तात्या घरून आणलेल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्यायले. शेजारी सुमनने भरलेली कळशी तशीच होती. मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

"पाणी निर्मळ आहे गं," निघताना तात्या म्हणाले. मग खाली बघत, "याने नवी युक्ती काढलीय. यापुढे शिपाई येईल."

सुमनचा चेहरा उतरला. तिने मला विचारलं, "म्हणजे बाबांना यावं नाही लागणार?"

"छे हो ताई," मी म्हटलं, "माझं काहीतरी चुकलं होतं. तपासणी इथेच करावी लागते."

पेटी आवरता आवरता तात्या थांबले. एरवी असल्या थापेवर त्यांनी मला फाडून खाल्लं असतं.

"पुढच्या महिन्यात येतो हं, सुमे," एवढंच ते कसंबसं म्हणाले.